निजल्या धातूची आणि हातावरच्या दह्याची हकीकत

श्री. आधीं अग्नीस नमस्कार, मग दुधास, मग ज्यांचे हातून चूक घडली आणि कागदीं नांव चढलें नाहीं त्या सर्वांस नमस्कार करून लिहिणारा लिहितो ऐसें जे, शके सोळाशें सहासष्ट, रक्ताक्षी नाम संवत्सरे, माघ मासीं एका राज्यांत जें वर्तलें तें येणेंप्रमाणें. राज्याचें नांव घालूं नये ऐसी आज्ञा आहे आणि आज्ञा देणारे हयात आहेत, सबब नांव तेवढें गाळिलें, बाकी सर्व खरें.

त्या राज्यांत महाराजांची थट्टी होती, म्हणजे गाई-म्हशींचा आणि दूधदुभत्याचा कारखाना, आणि तिची मुख्य म्हाळसाबाई. बाई वयानें साठीची, हातानें स्वच्छ, जिभेनें फटकळ, आणि दरबारांत कोणाचा मुलाहिजा धरणार नाहीं ऐसी तिची ख्याति. महाराजांच्या मातोश्री आईसाहेब नऊ वर्षांच्या नवरी होऊन या राज्यांत आल्या तेव्हां माहेराहून पाठराखीण म्हणून हीच म्हाळसा सोबत आली, आणि तिच्या मांडीवर गाडग्यांत माहेरचें विरजण होतें. नवरी वाटभर रडली आणि पाठराखीण वाटभर गाडगें सांभाळीत बसली, आणि मग तें विरजण पन्नास वर्षें एक दिवस खंडलें नाहीं. आजचें दहीं तें उद्याचें विरजण, उद्याचें तें परवांचें. थोरले महाराज कैलासवासी जाहले, दुष्काळ पडला, शत्रु वेशीस हात लावून गेला, परंतु विरजण चालत राहिलें, आणि वाड्यांत दहीं म्हणजे तेंच, दुसरें कोणीं जाणिलें नाहीं. म्हाळसाबाई म्हणे, "घागरभर दुधांत थेंब टाका, सगळें दूध पालटतें आणि थेंब आपला होता तैसाच. इतकें काम करून न झिजणारा चाकर महाराजांच्या पदरीं दुसरा दाखवा." लोक हसत, आणि कारकून मंडळी जरा कमी हसत.

त्या सालीं महाराजांची धाकटी कन्या आक्कासाहेब, वय वर्षें अठरा, लग्न जाहलेलें, सासरीं नांदावयास जाणें बाकी, यांचे डावे काखेंत गाठ उठली. आधीं बोराएवढी, मग सुपारीएवढी, आणि दुखेना म्हणून कोणीं मनावर घेतली नाहीं. न दुखणारी गाठ वाईट, हें जाणत्यांस ठाऊक. वैद्यांचे पोथींत तीस अर्बुद म्हणतात, रयत नुसतें "ती गाठ" म्हणते आणि म्हणतांना आवाज उतरविते. शरीर हेंही एक राज्यच. परका शत्रु चालून आला तर ओळखून मारितां येतो, परंतु ही गाठ म्हणजे आपल्याच रयतेचें बंड, तीच भाषा, तोच वेश, फक्त थांबावें कोठें तें विसरलेली. लेप जाहले, शेक जाहले, नवस जाहले, आणि गाठ नवसास भीक घालीना. मग महाराजांनीं राजवैद्य धुंडिराजपंत यांस हुजूर बोलाविलें.

धुंडिराजपंत हे विद्वान, अबोल, आणि बदनाम. बदनामीचें कारण ऐसें कीं, समुद्रापलीकडून एका फिरंग्यानें आणिलेला पांढरा धातु त्यांचेपाशीं होता, रंगानें चांदीसारखा आणि चांदीहून दुप्पट जड, आगीस न जुमानणारा. तो त्यांनीं तेजाबांत विरविला, त्याचें लवण केलें, आणि किल्लेदाराचे कुटुंबास ती गाठ होती तीस दिलें. गाठ मेली हें खरें. परंतु बाईचे केस गेले, पोटांत पाणी ठरेना, कानांत अष्टौप्रहर घंटा वाजूं लागली, आणि शेवटीं लघवी बंद होऊन बाईही गेली. गांवांत म्हण निघाली कीं, गाठ गेली, बाई गेली, वैद्य तेवढे राहिले. पंतांनीं ती म्हण ऐकिली आणि दार लावून घेतलें, आणि दोन वर्षें रसशाळेंतून बाहेर आले नाहींत. बाहेर आले तेव्हां म्हणाले, "हा धातु चार हातांनीं मारितो आणि आपला-परका पाहत नाहीं. मीं त्यास वरून एक आणि खालून एक ऐशा दोन बेड्या घातल्या आहेत. बेड्या असतां तो निजतो. रक्तांतून हिंडेल, परंतु कोणास बोट लावणार नाहीं. आतां गाठीपाशीं नेमक्या बेड्या तोडणारा कोणी पाहिजे, आणि तो मला मिळत नाहीं."

तो मिळाला तो उंदरांमुळें. पंत निजलेला धातु पिठांत कालवून कोठारांतल्या उंदरांस घालीत आणि उंदीर मरण्याऐवजीं लठ्ठ होत, आणि मुदपाकखान्यांत चेष्टा चाले कीं वैद्यांचे हातून वांचणारे जीव एवढेच. मग एके सकाळीं म्हाळसाबाई सुपांत नऊ मेलेले उंदीर घेऊन रसशाळेचे दारीं उभी राहिली आणि म्हणाली, "पंत, तुमचे पाहुणे. कोठारांत खातात आणि माझ्या थट्टींत येऊन मरतात. बाकी कोठें मरत नाहींत. विरजणाच्या गाडग्यास तोंड लावलें तेच मेले, मीं तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलें आहे." पंतांनीं उंदीर पाहिले, मग बाईकडे पाहिलें, आणि विचारिलें, "म्हाळसाबाई, विरजण करतें काय?" बाई म्हणाली, "हें मला विचारतां? दुधाला जागें करतें." मग पंतांनीं सात गांवचीं विरजणें आणवून पाहिलीं, ताडीचा फेस पाहिला, आंबलेली पेज पाहिली, आणि धातु कशानेंही हलला नाहीं. आईसाहेबांच्या माहेरच्या विरजणाचा मात्र एक थेंब पडला कीं बेड्या गळून पडत, धातूच्या एका कणाच्या, शंभरांच्या, जेवढे असतील तेवढ्यांच्या, आणि थेंब होता तैसाच. त्यांत कोण जीव वसतो तें पंतांसही सांगतां येईना. ते म्हणाले, "कारण ठाऊक नाहीं, गुण ठाऊक आहे. वैद्यास अर्ध्या वेळां एवढ्यावरच चालावें लागतें."

मग महाराजांपुढें अर्ज जाहला कीं, निजलेला धातु आक्कासाहेबांस पोटांतून द्यावा, तो अंगभर निजून हिंडेल, आणि विरजणाचा लेप काखेंत गाठीस टोंचून बांधावा, म्हणजे धातु तेथेंच जागा होईल आणि तेथेंच मारील. महाराजांनीं एवढेंच विचारिलें कीं, "मुलगी वांचेल?" पंत म्हणाले, "गाठ मरेल, महाराज. मुलगी वांचणें पथ्याचे हातीं आहे." आणि पथ्य ऐसें सांगितलें कीं, शेवटचे मात्रेपासून नऊ दिवस धातु रक्तांत राहतो, तोंवर या विरजणाचा थेंब पोटांत जाऊं नये. गेला तर धातु पोटांत जागा होईल आणि त्यास कोणी आवरूं शकणार नाहीं. हें त्यांनीं चौघांस वेगवेगळें बसवून सांगितलें, आक्कासाहेबांस, आईसाहेबांस, मुदपाकखान्याचे मुख्यास आणि म्हाळसाबाईस, आणि प्रत्येकाकडून उलट म्हणवून घेतलें. दहीं नाहीं, ताक नाहीं, कढी नाहीं, लोणी नाहीं. गाडग्याचे खोलीस कुलूप घातलें आणि किल्ली म्हाळसाबाईचे कमरेस. आक्कासाहेब म्हणाल्या, "आजी, कढीवांचून नऊ दिवस म्हणजे मरणच कीं." आईसाहेब रागावल्या, "भलतें बोलूं नये. तुझे नऊ दिवस तेच माझे नऊ दिवस, मीही ताकाला शिवणार नाहीं." आणि खरोखर शिवल्या नाहींत, आणि ज्या बाईनें जन्मांत ताकावांचून भात कालविला नव्हता ती वरणावर राहिली.

तीन दिवस मात्रा जाहल्या आणि लेप बसले. काखेची कातडी काळवंडली, ताप आला, आक्कासाहेबांनीं दांतांत पदर धरून सोसलें, आणि म्हाळसाबाई स्वतः लेप बदली, कां कीं विरजणास दुसऱ्याचा हात ती लागूं देत नसे. मात्रा सरल्यावर चौथे दिवशीं गाठ मऊ पडली. पांचवे दिवशीं सुपारीची चिंचोक्याएवढी जाहली. केस जागचे जागीं होते, अन्न ठरत होतें, कानांत घंटा नव्हती. म्हाळसाबाईनें काख चांचपून पाहिली, आणि फटकळ म्हणून जिची ख्याति ती बाई कांहीं न बोलतां उठून थट्टींत गेली आणि म्हशीच्या गळ्यांत पडून रडली. ही बातमी बाहेर फुटावयास वेळ लागला नाहीं. ज्यांस ज्यांस ती गाठ होती ते गाडींतून, डोलींतून, पाठुंगळीं बसून आले आणि वेशीबाहेरील धर्मशाळेंत उतरले. सत्तावीस माणसें होतीं. त्यांत एक चंद्रा कासारीण होती, छातीस गाठ, आणि तिनें आल्या दिवशींच वाड्यांतल्या बायकांस निरोप धाडिला कीं, बरी जाहलें कीं सर्वांस फुकट बांगड्या भरीन.

परंतु बरें चालतें तेथेंच माशी शिंकते. सहावे दिवशीं सकाळीं आक्कासाहेबांचे सासरहून चाळीस स्वार आणि मेणा आला, आणि निरोप आला कीं, सून रोगट आहे ऐसें आमचे कानीं आलें आहे, निरोगी असेल तर आजच पाठवावी, नसेल तर सोयरीक राहिली नाहीं. जोशीबुवांनीं पंचांग उघडिलें आणि सांगितलें कीं, आजचा मुहूर्त साधला तर साधला, पुढें वैशाखापर्यंत दिवस नाहीं. पंत म्हणाले, "तीन दिवस थांबा." परंतु तीन दिवस थांबावयास कोणी तयार नव्हतें, आक्कासाहेबही नव्हत्या, त्यांस नवऱ्याचें तोंड पाहून वर्ष जाहलें होतें. मग पंतांनीं पथ्य पुनः एकदां सर्वांकडून वदवून घेतलें आणि म्हणाले, "मी पुढें जाऊन पहिल्या मुक्कामीं नदीकांठीं बसतों. वाटेंतलें अन्न माझ्या नजरेखालून गेलें पाहिजे." आणि ते घोड्यावर बसून पुढें निघून गेले. सर्व विचार केला, एक गोष्ट तेवढी त्यांचे विचारांत आली नाहीं, आणि कोणाच्याच आली नाहीं.

दोन प्रहरीं आक्कासाहेब निघाल्या. ओटी भरली, देवास नमस्कार जाहला, वडील माणसांचे पाय धरिले, आणि उंबऱ्याशीं आईसाहेब उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हाळसे, दहीं आण गं." आणि म्हाळसाबाई गेली, कमरेची किल्ली काढून कुलूप उघडिलें, वाटींत दहीं घेतलें, वर साखर भुरभुरविली आणि आणून दिलें. हें लिहितांना लेखणी थांबते, परंतु झालें तें ऐसेंच झालें. दहीं खाऊं नये हें त्या चौकांत ज्यास ठाऊक नाहीं ऐसें एक माणूस नव्हतें. परंतु खातात तें ताटांतलें दहीं. निघतांना हातावर घालितात तें दहीं नव्हे, तो शकुन. वाड्यांतून कोणी लढाईस गेला, काशीस गेला, शेजारच्या गांवीं वसुलीस गेला, तरी हातावर दहीं पडल्यावांचून उंबरा ओलांडीत नसे, आणि पन्नास वर्षें वाटी म्हाळसाबाईनेंच धरिली होती. बाईच्या पायांस ती वाट ठाऊक, हातांस ते काम ठाऊक, आणि डोकें त्या वेळीं मुलगी चालली म्हणून भरून आलेलें. आईसाहेबांनीं उजव्या हाताच्या दोन बोटांनीं नातीच्या तळव्यावर दहीं घातलें आणि म्हणाल्या, "जाते म्हणूं नये, येते म्हणावें." आक्कासाहेबांनीं तळवा चाटला, म्हणाल्या, "येते हो," आणि मेण्यांत बसल्या. मेणा उचलला, शिंगें वाजलीं, बायकांनीं पदर डोळ्यांस लाविले, आणि सर्व यथासांग पार पडलें.

म्हाळसाबाई वाटी घेऊन माघारीं आली, गाडग्यावर फडकें बांधिलें, दार ओढून घेतलें आणि कुलूप लाविलें. किल्ली फिरविली आणि तिच्या मनांत सहज आलें कीं, आपण हें कुलूप कशास लावितों? ती कुलपास धरूनच खालीं बसली. मग उठली, आणि कोणास कांहीं न बोलतां पागेंत गेली, आणि एका म्हाताऱ्या स्वारास म्हणाली, "मला नदीवर पोंचीव. कां तें विचारशील तर तुझ्या लेकरांची शपथ आहे." जन्मांत घोड्यावर न बसलेली बाई स्वाराचे कमरेस मिठी मारून चार कोस गेली. पोंचली तों मेणा उतरला होता आणि आक्कासाहेब नदींत पाय सोडून हंसत बसल्या होत्या. म्हाळसाबाईनें पंतांस झाडाआड बोलाविलें आणि सांगितलें. पंतांनीं विचारिलें, "गाडगें कोणतें?" ती म्हणाली, "आपलेंच." "किती?" "बोटभर." पंत म्हणाले, "थेंब पुरतो." तेवढेंच म्हणाले, शिव्या दिल्या नाहींत. शिव्या दिल्या असत्या तर बरें होतें, ऐसें बाई पुढें म्हणे.

पंतांनीं गेळफळ देऊन ओकविलें, दूध पाजलें, कोळसा पाजला, आणि रसशाळेंत जेवढें शिकले होते तेवढें सगळें त्या नदीकांठीं करून पाहिलें. सायंकाळीं पोटांत आग पडली. दुसरे दिवशीं रक्त पडूं लागलें. तिसरे दिवशीं लघवी बंद जाहली आणि अंग सुजलें, आणि दोन प्रहरीं आक्कासाहेब म्हाळसाबाईचे मांडीवर डोकें ठेवून म्हणाल्या, "म्हाळसाआजी, जवळ देऊळ आहे का गं? घंटा वाजते." तेथें चार कोसांत देऊळ नव्हतें. म्हाळसाबाई म्हणाली, "आहे, बाळ." आणि मग मुलगी गेली. चितेवर ठेवण्याआधीं पंतांनीं काख पाहिली. गाठ पूर्ण विरली होती, तिचा मागमूस नव्हता. ही गोष्ट त्यांनीं म्हाळसाबाईस दाखविली, दुसऱ्या कोणास दाखविली नाहीं, कां कीं दुसऱ्या कोणास तिचा अर्थ कळता ना.

मंडळी वाड्यांत परतली तों आईसाहेबांनीं उजवा हात फडक्यांत गुंडाळून बांधिला होता. त्या हातानें जेवीत नव्हत्या, देवास फूल वाहत नव्हत्या, माळ ओढीत नव्हत्या. डाव्या हातानें दोन घांस घेत आणि ताट सारीत. कोणीं विचारिलें तर म्हणत, हात दुखतो. म्हाळसाबाई आली ऐसें कळतांच त्यांनीं दासींस बाहेर घालविलें आणि दार लाविलें. बाई म्हणाली, "आईसाहेब," तों त्या म्हणाल्या, "आज आईसाहेब म्हणूं नको. माहेरच्या नांवानें हांक मार. मला दुसऱ्या कोणाचें ऐकावयाचें नाहीं." आईसाहेबांनीं बांधलेला हात पुढें केला आणि म्हणाल्या, "तें दहीं आपल्या गाडग्यांतलें होतें का? खरें सांग, म्हाळसे. या हातानें मीं माझी नात मारली का?" म्हाळसाबाई फटकळ होती. थोरल्या महाराजांस तिनें तोंडावर सांगितलें होतें कीं तुमचा न्याय नासलेला आहे. परंतु ती त्या फडक्याकडे पाहत राहिली, आणि पन्नास वर्षांमागें मेण्यांत रडत बसलेली नऊ वर्षांची पोर तिला दिसली, आणि ती म्हणाली, "नाहीं गं कृष्णे. आपलें गाडगें कुलपांत होतें. तें दहीं गवळवाड्यांतून आणविलेलें. औषधच खोटें होतें." आईसाहेबांनीं फडकें सोडिलें, आणि नात गेल्यापासून पहिल्यानें मोठ्यानें रडल्या, आणि म्हाळसाबाईनें त्यांस उजव्या हातानें जेवूं घातलें.

चार दिवसांनीं दरबार भरला. महाराज उदास, शास्त्री-पंडित डाव्या अंगास, चिकाच्या पडद्याआड आईसाहेब. धुंडिराजपंतांनीं घडलें तें सांगितलें, आणि हातावरच्या दह्याचें नांव काढितांच शास्त्री उसळले कीं, "शकुनानें माणूस मरतें ऐसें कोणत्या ग्रंथांत आहे? उद्यां म्हणाल कुंकवानें मरतें." पंत म्हणाले, "शकुनानें नव्हे, विरजणानें. ज्यानें गाठ मारिली त्यानेंच मुलगी मारिली. मला फांसावर द्या, परंतु औषध मारूं नका. वेशीबाहेर सत्तावीस माणसें बसलीं आहेत. त्यांस मात्रा द्या, लेप द्या, आणि नऊ दिवस हातावरसुद्धां दहीं देऊं नका, म्हणजे तीं वांचतील. म्हाळसाबाईस विचारा, गाडगें कोणतें होतें." महाराजांनीं बाईस पुढें बोलाविलें. सारा दरबार तिच्याकडे पाहूं लागला. तिनें पडद्याकडे पाहिलें. चिकाच्या कडेस चार बोटें दिसत होतीं, उजव्या हाताचीं, मोकळीं. महाराज म्हणाले, "म्हाळसाबाई, तुम्हीं खोटें बोललां ऐसें मीं आजवर ऐकिलें नाहीं. सांगा." आणि तीच गोष्ट बाईस जड गेली. ती म्हणाली, "दहीं गवळवाड्याचें होतें." पंत म्हणाले, "बाई, नदीवर तुम्हीं मला काय सांगितलें?" ती म्हणाली, "नदीवर मी शुद्धींत नव्हतें." पंत दोन पावलें जवळ आले आणि हळू म्हणाले, "सत्तावीस आहेत, म्हाळसाबाई. तुम्हीं त्यांस पाहिलें आहे." ती म्हणाली, "गवळवाड्याचें होतें," आणि तिनें पुनः पडद्याकडे पाहिलें. पंतांनींही तिची नजर गेली तिकडे पाहिलें, तीं बोटें त्यांसही दिसलीं, आणि मग ते पुढें बोलले नाहींत. समजून गप्प बसले कीं थकून, तें त्यांचें त्यांस ठाऊक.

निवाडा ऐसा जाहला कीं, शकुन निर्दोष, दहीं निर्दोष, धातु विष, आणि वैद्य विषारी. उरलेला धातु गांवाखालच्या डोहांत टाकिला, रसशाळेचे कागद चौकांत जाळिले, आणि धुंडिराजपंतांचें डोकें भादरून त्यांस सीमेपार घालविलें. सरकारी हुकमानें धर्मशाळेंतही डांगोरा पिटला, परंतु दुखणेकरी माणूस डांगोऱ्यावर विश्वास ठेवीत नाहीं, तीं बसूनच राहिलीं. म्हाळसाबाई रोज तेथें दूध घेऊन जाई. चंद्रा कासारीण विचारी, "बाई, वैद्य कधीं येतील हो?" आणि बाई म्हणे, "येतील." होळीपर्यंत नऊ जणांस गांवच्या लोकांनीं मसणांत पोंचविलें. चैत्रांत चंद्रा गेली. तिची बांगड्यांची पेटी तिच्या नवऱ्यानें उशाशीं तशीच बांधलेली नेली. आषाढ लागला तेव्हां धर्मशाळेंत कोणी नव्हतें. इकडे थट्टींत विरजण रोज लागत होतें, घट्ट, पूर्वीसारखें. बेड्या तोडणारा राहिला, बेड्या घातलेला कोणी राहिला नाहीं.

आईसाहेब पुढें अकरा वर्षें होत्या, अन्न खाऊन, माळ ओढून, समाधानानें गेल्या. त्यांचे तेरावे दिवशीं म्हाळसाबाई काठी टेकीत दफ्तरांत आली, आणि लिहिणाऱ्यास हें सर्व, जैसें वर लिहिलें तैसें, एका बैठकींत सांगितलें, आणि म्हणाली, "आतां लिही. माझें नांव घाल." लिहिणारा म्हणाला, "बाई, धातु डोहांत गेला, कागद राख झाले, पंत कोणत्या मुलुखांत मेले तें कोणास ठाऊक नाहीं. आतां लिहून कोण वांचणार?" ती म्हणाली, "कोणी नाहीं, हें मला कळत नाहीं का? तेव्हां बोललें असतें तर सत्तावीस वांचलीं असतीं आणि एक मेली असती. मला तीं सत्तावीसही दिसत होतीं आणि ती एकही दिसत होती. मीं एकीला निवडलें. भूल पडली म्हणून लिहूं नको. निवडलें म्हणून लिही."

सारांश, रक्ताक्षी संवत्सरीं त्या राज्यांत औषध सांपडलें आणि त्याच संवत्सरीं गेलें. आक्कासाहेब प्रेमाच्या चुकीनें गेल्या, त्या चुकीचा निवाडा भर दरबारांत जाहला आणि खोटा जाहला. सत्तावीस माणसें दयेनें गेलीं, त्यांचा निवाडा कोणीं मागितला नाहीं. बाईनें सांगितलें तैसें नांवानिशीं लिहिलें, आणि वाळू टाकून शाई सुकविली.